पोरगं गेलं, पण बेणं राखलं का?

या सदरात आम्ही एरवी पोरांचे निकाल, लग्नातला खर्च, व्यसन, घरातली भांडणे असल्या विषयांवर लिहितो. आज फुटबॉलवर लिहिणार आहोत. ‘हा पुरुषांचा विषय’ म्हणून भगिनींनी पान उलटू नये. हा विषय आमच्याकडे एका आईनेच आणला आहे.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी आम्ही विहाराच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. आमच्या वस्तीतली एक ताई समोर येऊन उभी राहिली. हिंगोलीच्या हळदीच्या मोंढ्यात ती कामाला जाते. हाताची बोटे बारा महिने पिवळी असतात. ती म्हणाली, “भाऊ, माझ्या लेकरानं असं काय पाप केलं की वस्तीतली पोरं त्याला गद्दार म्हणायलेत? काल रात्री कोणी तरी दारावर खडूनं लिहून गेलं. मी पाण्यानं पुसलं. पण त्यानं ते वाचलं होतं.”

त्या पोराचे नाव आम्ही येथे छापत नाही. वय सतरा. आपण त्याला धाकटा म्हणू. धाकटा आमच्या वस्तीच्या संघात पुढे खेळायचा. डाव्या पायाचा असा खेळाडू आमच्या पाहण्यात दुसरा नाही. रेल्वेने काही तासांवर असलेल्या एका मोठ्या गावच्या संघाने त्याला एका स्पर्धेत पाहिले आणि बोलावून घेतले. नवे बूट, जाण्यायेण्याचे भाडे आणि सामन्यामागे पाचशे रुपये. धाकटा गेला. आमच्या पोरांनी त्याच रात्री त्याला मोबाइलवरच्या गटातून काढून टाकले. चहाच्या टपरीवर तो आला की बाकीचे उठून जाऊ लागले.

खरे सांगायचे तर पहिले दोन दिवस आम्हालाही राग आला होता. चेंडू छातीवर झेलून पायाशी कसा उतरवायचा, हे त्याला आम्हीच शिकवले होते. आपण घडवायचे आणि दुसऱ्याने न्यायचे, हा कुठला न्याय, असे मनात आले. ताईसमोर मात्र आम्हाला उत्तर सुचेना. “दोन दिवसांनी बोलतो,” असे सांगून तिला पाठवले. ते दोन दिवस आम्ही जो विचार केला, तो येथे मांडतो.

आमच्या संघाच्या कर्णधाराला विचारले, तर तो म्हणाला, “भाऊ, फिगोचं काय झालं माहीत हाय ना?” आमच्या पोरांना आपल्या तालुक्यात किती शाळा आहेत हे सांगता येणार नाही, पण बार्सिलोना आणि रिअल माद्रिद यांचे वैर तोंडपाठ आहे. लुईस फिगो हा पोर्तुगालचा खेळाडू. २००० साली तो बार्सिलोना सोडून थेट त्यांच्या हाडवैऱ्याकडे, माद्रिदकडे गेला. नोव्हेंबर २००२ मध्ये तो बार्सिलोनाच्या मैदानावर खेळायला आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्यावर बाटल्या फेकल्या, आणि कोणी तरी डुकराचे मुंडकेही फेकले. आमच्या पोरांना ही गोष्ट मर्दुमकीची वाटते. आम्हाला लाजेची वाटते. लाखभर माणसे जमून एका माणसावर मुंडके फेकतात, याला निष्ठा म्हणायचे काय?

निष्ठेचाच हिशेब करायचा तर जरा आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. आम्ही नोकरीनिमित्त काही वर्षे पुण्यात होतो. बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीचे सामने पाहायला जायचो. २००७ साली निघालेला हा संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. मुलांना घडवणारी त्याची अॅकॅडमी देशात नावाजलेली होती. २०१५ मध्ये संघ बंद झाला. त्याआधी २०१० मध्ये मुंबईचा महिंद्र युनायटेड बंद झाला होता. २०१७ मध्ये मुंबई एफसी गेला. त्याच वर्षी पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सनेही मोठ्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. २०१४ ला इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा पुण्याला एफसी पुणे सिटी नावाचा संघ मिळाला होता. तो २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ उभा राहिला. हैदराबादने मार्च २०२२ मध्ये केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून अजिंक्यपद मिळवले. पुढे पैशाची चणचण झाली, खेळाडू पांगले, आणि २०२५ मध्ये तोही संघ दिल्लीला गेला.

आता सांगा, गद्दार कोण? अख्खा संघ आज या शहरात, उद्या त्या शहरात. प्रेक्षकाने अंगात घातलेला सदरा एका रात्रीत जुना होतो. मालकाला कोणी गद्दार म्हणत नाही. ‘धंद्याचे गणित जुळले नाही’ असे म्हणून सारे गप्प बसतात. आणि सतरा वर्षांचे पोरगे एका जोडी बुटासाठी दुसऱ्या गावी खेळायला गेले, की त्याच्या दारावर खडूने लिहितात. पैसेवाल्याचे जाणे हा व्यवहार आणि गरिबाचे जाणे ही फितुरी, हा हिशेब आपल्या लोकांनी तरी मांडू नये.

खेळाडूला जाण्याचा हक्क आहे, ही गोष्टही सुखासुखी झालेली नाही. बेल्जियममध्ये जाँ-मार्क बोसमन नावाचा एक साधा खेळाडू होता. १९९० मध्ये लिएज या क्लबशी त्याचा करार संपला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्क या क्लबकडे जायचे होते. पण करार संपला तरी जुना क्लब पैसे मागे, आणि ते मिळाल्याशिवाय सोडेना. म्हणजे माणूस कामावर नाही, पगार पुरता नाही, तरी मालकी कायम! बोसमन न्यायालयात गेला. पाच वर्षे झगडला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला की, करार संपला की युरोपीय संघातला खेळाडू मोकळा, त्याच्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. आज जगातले मोठमोठे खेळाडू करार संपल्यावर हवे तेथे जातात, ते या माणसाच्या जिवावर. त्याची स्वतःची कारकीर्द मात्र त्या झगड्यात संपली. वेठबिगार आणि वतनाची कामे ज्यांच्या आजा-पणजाने पाहिली, त्या आपल्या लोकांना हा निकाल वेगळा समजावून सांगायला नको. माणूस कोणाच्या मालकीचा नसतो. संघाच्याही नाही, वस्तीच्याही नाही.

आणि गेलेला माणूस कायमचा जातोच असेही नाही. मुंबईचा राहुल भेके घ्या. मुंबई एफसीकडून खेळला, मग कलकत्त्याला ईस्ट बंगालकडे गेला, पुढे बंगळूरला गेला. १७ मार्च २०१९ ला मुंबईतच, अंधेरीच्या मैदानावर, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. बंगळूर विरुद्ध गोवा. जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला भेकेने डोक्याने गोल केला आणि बंगळूर जिंकले. मुंबईच्या पोराने मुंबईच्या मातीत दुसऱ्या शहराला चषक मिळवून दिला. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, तो मुंबई सिटीकडे आला. ४ मे २०२४ ला कलकत्त्यात मोहन बागानला ३-१ हरवून मुंबई सिटीने चषक उचलला, तेव्हा कर्णधार होता राहुल भेके. त्यानंतर तो पुन्हा बंगळूरला गेला. यात फितुरी कुठे आहे? नोकरी करणारा माणूस बदलीच्या गावी जातो, तसा तो गेला आणि जेथे गेला तेथे इमानाने खेळला.

येथपर्यंत आमची पोरे मान हलवतील. पण मग ते म्हणतील, “भाऊ, मंग आपण काय नुसतंच घडवत बसायचं का? त्यायनं न्यायचं आन् आपण टाळ्या वाजवायच्या?” हा प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर आम्हाला जुन्या हैदराबादच्या गोष्टीत सापडते.

आपली हिंगोली १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या काळी हैदराबाद सिटी पोलीस हा देशातला सर्वांत जबर संघ होता. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा त्यांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. तेच पुढे भारताचे प्रशिक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले, ते रहीमसाहेबांच्याच हाताखाली. त्यांनी गरीब घरांतली पोरे हेरली आणि घडवली. सिकंदराबादचा तुळसीदास बलराम हा त्यांतलाच. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम ही तिघांची जोडणी आजही जुने शौकीन आठवतात.

या पोरांवर कलकत्त्याच्या क्लबांची नजर गेली. १९५७ मध्ये बलराम ईस्ट बंगालला गेला. मागोमाग आणखी गेले. कलकत्त्यात तेव्हा पैसा होता, नाव होते, मैदानावर गर्दी होती. जाणाऱ्यांचे काही चुकले नाही. पण १९६३ मध्ये रहीमसाहेब वारले आणि हैदराबादचा झरा हळूहळू आटला. एकच कारण होते असे आम्ही म्हणत नाही. पण आमच्या मते मुख्य गोष्ट ही की, नेणारे पुष्कळ होते, घडवणारा एकच होता, आणि त्याच्यामागे दुसरा घडवणारा तयार केलेला नव्हता.

आपल्या जिल्ह्यात हळद पिकते. हळदीचा शेतकरी काय करतो? नऊ महिने पीक सांभाळतो, काढतो, शिजवतो, वाळवतो, पॉलिश करून मोंढ्यात आणतो. पण सगळी हळद विकत नाही. पुढच्या वर्षीचे बेणे बाजूला काढून ठेवतो. कितीही तंगी असो, बेणे विकून खाणारा शेतकरी शहाणा नव्हे. हैदराबादची हळद गेली याचे दुःख नाही. बेणे राहिले नाही, याचे दुःख आहे. खेळाडू गेला तर जाऊ द्यावा. पण आपण बेणे राखले आहे काय, हा आमचा आमच्या पोरांना प्रश्न आहे.

आता घडवणाऱ्याला काही मिळते की नाही, तेही पाहू. जागतिक फुटबॉल महासंघाचा, म्हणजे फिफाचा, एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. एखादा खेळाडू करार चालू असताना पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ वर्षांपर्यंत घडवणाऱ्या क्लबांना वाटून द्यावे लागतात. समजा रक्कम एक कोटी रुपये. त्यातले पाच लाख वेगळे निघतात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षाला २५ हजार, आणि १६ ते २३ मधल्या प्रत्येक वर्षाला ५० हजार, असा वाटा पडतो. २०१७ मध्ये ब्राझीलचा नेमार बार्सिलोनाहून पॅरिसला गेला, तेव्हा रक्कम होती २२ कोटी २० लाख युरो. त्याला लहानपणापासून घडवणारा सांतोस क्लब अशा वाट्याचा धनी झाला. हे पैसे नीट पोचावेत म्हणून फिफाने २०२२ पासून एक वेगळी यंत्रणाही सुरू केली आहे. देशातल्या देशात संघ बदलला तर ज्या त्या देशाचा महासंघ आपले नियम लावतो.

नियम चांगला आहे. पण त्याला एक अट आहे. तो खेळाडू तुमच्याकडे होता, याची नोंद पाहिजे. क्लब जिल्ह्याच्या व राज्याच्या संघटनेकडे नोंदलेला पाहिजे. आपल्या राज्यात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, हे काम पाहते. आणि खेळाडूचे नाव अखिल भारतीय महासंघाच्या नोंदणीत चढलेले पाहिजे. कागद नाही, तर वाटाही नाही.

येथे आम्हाला आमचीच चूक कबूल करायची आहे. धाकट्याच्या नव्या संघाने त्याला विचारले, “याआधी कुठे खेळलास, काही कागद आहे का?” तो आमच्याकडे आला. आम्ही पेटी उघडली. पेटीत वर्गणीच्या पावत्या होत्या, मंडपवाल्याचे बिल होते, सत्काराच्या नारळ-शालीचा हिशेब होता. धाकटा नऊ वर्षांचा असल्यापासून आमच्याकडे खेळत होता. आठ वर्षांत त्याच्या नावाची एक ओळ आम्ही कुठे लिहिलेली नव्हती. ‘आमचा पोरगा, आमचा पोरगा’ म्हणून आम्ही छाती पिटत होतो. कागदावर तो आमचा कधीच नव्हता. लिहिण्या-वाचण्याचे महत्त्व दर आठवड्याला या पानावरून सांगणाऱ्या आम्हाला ही गोष्ट चांगलीच झोंबली. गद्दार म्हणण्याचा अधिकार आम्हाला कसला?

मोठ्या गावातच पोरे घडतात, हा समजही सोडून दिला पाहिजे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याच्या बालेवाडीतल्या शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो पुढे आला आणि २०१७ मध्ये आपल्या देशात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यानंतर महासंघाने त्या मुलांना इंडियन अॅरोज या तरुणांच्या संघातून आय-लीगमध्ये उतरवले. संघ हरायचा, पण पोरे दर आठवड्याला मोठ्यांशी खेळायची. हे महत्त्वाचे. अनिकेत पुढे जमशेदपूरकडून खेळला, आणि २०२२ ला अजिंक्य ठरलेल्या हैदराबादच्या संघातही होता. तो अॅरोज संघ २०२२ मध्ये बंद झाला, याचे आम्हाला वाईट वाटते. सोळा ते एकोणीस या वयात पोराला सामने पाहिजेत. मोठ्या क्लबचा सदरा घालून बाकावर बसलेले पोर म्हणजे कुंडीत लावलेली हळद. पान हिरवे दिसते, खाली कंद धरत नाही.

त्याच २०१७ साली, विश्वचषकाच्या तोंडावर, १५ सप्टेंबरला राज्यभरातल्या दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा शासनाचा उपक्रम झाला. शाळांना चेंडू वाटले गेले. आमच्या माहितीतल्या एका शाळेत तो चेंडू पुढे कपाटात गेला आणि हवा जाऊन तेथेच पडून राहिला. एका दिवसाने खेळाडू घडत नाही. रोज संध्याकाळी मैदानावर उभा राहणारा एक माणूस लागतो.

असा माणूस नागपूरला निघाला. प्रा. विजय बारसे हे तेथल्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरे फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. २०१६ मध्ये फिफाने तिला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा २०२२ चा चित्रपट याच कामावर बेतलेला आहे. तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. पण चित्रपटापेक्षा आम्हाला एक वेगळी गोष्ट मोलाची वाटते. त्याच नागपुरातल्या वस्तीतला अखिलेश पॉल २०१० मध्ये ब्राझीलला, बेघरांच्या विश्वचषकात, भारताचा कर्णधार म्हणून गेला. परत आल्यावर त्याने लहान पोरांना शिकवायला सुरुवात केली. याला म्हणतात बेणे राखणे. पोरगे गेले, जग पाहिले, आणि येताना पुढच्यांसाठी काही घेऊन आले.

दोन दिवसांनी आम्ही ताईच्या घरी गेलो. धाकटा कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. आम्ही त्याला म्हणालो, “जायचं तर जा. पण तीन गोष्टी विचारून जा. एक, मला खेळवणार का नुसतं बसवणार? दोन, मला शिकवणार कोण, का नुसतं गोल मार म्हणणार? तीन, गुडघा मोडला तर दवाखान्याचं कोण पाहणार?” त्याने मान वर केली. म्हणाला, “भाऊ, तिसरं तर मी विचारलंच नव्हतं.” आम्ही म्हणालो, “आणि चौथं आईसाठी. बारावीचा फॉर्म भरायचा. खेळाडूला शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण शिक्षणाची अट कोणी माफ करत नाही. आणि जन्माचा दाखला खरा ठेव. वय चोरणाऱ्यांच्या मनगटाची हाडं आता तपासतात.” ताईने चहा केला. त्या घरात तीन दिवसांनी कोणी पाहुणा चहाला बसला होता.

मग संध्याकाळी आम्ही मैदानावर पोरांना गोळा केले आणि हेच सारे सांगितले. वैर असू द्या, वैराशिवाय खेळाला चव नाही. कोल्हापूरला पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. १३ जुलै १९९७ ला कलकत्त्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचा सामना पाहायला सव्वा लाखाहून अधिक माणसे आली होती. बायचुंग भुतियाने त्या दिवशी तीन गोल केले. पण त्याच दोन संघांच्या सामन्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर प्रेक्षकांत हाणामारी होऊन १६ जण मेले. ते कोणाचे तरी धाकटेच होते. समोरच्या संघाला हरवा. त्याच्या घराच्या दारावर लिहू नका.

कर्णधार काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी धाकट्याचे नाव मोबाइलवरच्या गटात परत आले होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी धाकट्याचा नवा संघ आमच्याच गावी खेळायला आला. आम्ही २-१ हरलो. दुसरा गोल धाकट्याने मारला. डाव्या पायाने, आमच्याच गोलीच्या उजव्या हाताला. गोल मारून तो नाचला नाही. तसाच मागे फिरून मधल्या रेषेकडे गेला. आमच्या पोरांनी शिव्या दिल्या नाहीत. टाळ्याही वाजवल्या नाहीत. उगाच गोड करून सांगत नाही. पण सामना संपल्यावर आमचा गोली त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, “लेका, तू तिकडं मारणार हे मला ठाऊक असून बी मी उशिरा पडलो.” दोघे टपरीकडे गेले. चहाचे पैसे धाकट्याने दिले. पाचशेतले.

आता आमच्या वस्तीत एक रजिस्टर झाले आहे. साधी जाड वही. प्रत्येक पोराचे नाव, जन्मतारीख, शाळा, कधीपासून खेळतो, कोणी शिकवले आणि पालकाची सही. आजवर एकतीस नावे चढली आहेत. त्यांत सात मुली आहेत. पहिले नाव, मागची तारीख नीट विचारून, धाकट्याचे लिहिले. त्यापुढे ताईने सही केली. तिची बोटे पिवळी होती, म्हणून पानावर हळदीचा डाग पडला. “पान खराब झालं, भाऊ,” ती म्हणाली. आम्ही म्हणालो, राहू द्या.

वहीने वाटा मिळत नाही, हे आम्हाला कळते. संघाची नोंदणी करण्यासाठी लागणारे कागद आम्ही जमवायला घेतले आहेत. धाकटा रविवारी गावी असला तर सकाळी दहा-बारा वर्षांच्या पोरांना तासभर शिकवतो. बुटांची जुनी जोडी त्याने एका पोराला दिली. ती त्याला दोन बोटे मोठी होते, पुढे कापड कोंबून तो खेळतो.

वाचकहो, आमचे म्हणणे एवढेच. पोर जाणार असेल तर त्याला नीट विचारून, नीट कागद देऊन, चहा पाजून पाठवा. आणि तो गेल्यावर मैदानाकडे पाहा. तेथे पुढची पोरे उभी आहेत काय? त्यांची नावे कोणी लिहिली आहेत काय? कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव येथल्या वस्त्यांत ज्यांच्याकडे अशी वही असेल, त्यांनी आम्हाला या पत्त्यावर जरूर कळवावे. ज्यांच्याकडे नसेल, त्यांनी येत्या रविवारी घालावी.